शेवटची अर्धी गोळी

मणक्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल हे वेदनाशामक सुरू झालं ते तीन आठवड्यांपुरतं. सुटायला चौदा महिने लागले.

१. व्यसन म्हणजे चोरून आणलेलं काहीतरी, अशी माझी समजूत होती. माझ्याकडे तर डॉक्टरांची चिठ्ठी होती. हे औषध मेंदूवर अफूसारखंच काम करतं, २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, हे मला खूप उशिरा कळलं. स्ट्रिपवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते. ती मी कधी वाचलीच नाही. दिवसाला पन्नास मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल होत्या, त्याच्या सहा कधी झाल्या तेही सांगता येत नाही.

२. माझ्याआधी माझ्या शरीराने कबुली दिली. दिवाळीत माहेरी गेले आणि स्ट्रिप घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जांभयांवर जांभया. नाक गळतंय, डोळ्यांना पाणी, अंगावर सारखा काटा. आई म्हणाली, "सर्दी झालीय, वाफ घे." संध्याकाळी पोटात मुरडा सुरू झाला आणि रात्री पाय. ते दुखत नव्हते, पण आत काहीतरी वळवळत होतं, झाडल्याशिवाय राहवत नव्हतं. पहाटे तीनला मी ओट्याच्या गार फरशीवर तळवे टेकवून बसले होते. सकाळी भावाने ओळखीच्या मेडिकलमधून कॅप्सूल आणून दिली आणि तासाभरात सगळं थांबलं. तेव्हा लक्षात आलं, त्या अख्ख्या रात्रीत मला पाठ एकदाही आठवली नव्हती. मग मी गोळी घेत होते ती कशासाठी?

३. एका झटक्यात बंद करण्यात काही शौर्य नसतं. मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी हरले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दर पंधरा दिवसांनी एक कॅप्सूल कमी करायला सांगितली. सहाच्या पाच झाल्या ते जाणवलंही नाही. दोनाची एक करताना मात्र डोक्यात वीज लवल्यासारखे झटके, घाम, कारण नसताना रडू. मी सातवीला अपूर्णांक शिकवते, तरी हे डॉक्टरांनी सांगावं लागलं: सहातली एक म्हणजे सहावा हिस्सा, दोनातली एक म्हणजे निम्मं. म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी लांबवला. कॅप्सूल कापता येत नाही, तेव्हा अर्ध्या करता येतील अशा साध्या गोळ्या लिहून दिल्या. पहिल्या दिवशी पोळपाटावर गोळी ठेवून सुरीने कापली. पात्याला पांढरी भुकटी लागली होती. ती मी बोटाने टिपली आणि चाटली. त्या भुकटीने मला काय मिळणार होतं? पण ती पुसून टाकणं मला जमलं नाही. स्वतःविषयीचं सगळं खरं मला त्या क्षणी दिसलं.

४. त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. बोलणी बसतील म्हणून वर्षभर लपवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्ट्रिप देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी अर्धी गोळी यायची. मी मागितली तरी संध्याकाळी खण उघडत नसत. "उद्या देते गं," एवढंच म्हणत.

५. शरीराचे हाल दहा दिवसांत ओसरले. पेज, मीठ-साखरेचं पाणी, रात्री कढत पाण्याने अंघोळ, एवढ्यावर निभावलं. झोप मात्र दोन महिने आली नाही, आणि कशातच गोडी नव्हती. हे इतके दिवस चालू शकतं, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ते माहीत नसतं तर मी परत फिरले असते.

६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पण ते दारूवाल्यांचं, गर्दवाल्यांचं, आपल्यासारख्यांचं तिथे काय काम, असं मी मानत होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे, तोही लावला नाही. या आढ्यतेची किंमत मी महिन्यांमध्ये मोजली.

७. पर्सच्या आतल्या कप्प्यात मी एक स्ट्रिप ठेवली होती. अडीअडचणीला. सोडल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचणारा डोस आता श्वास मंद करू शकतो, जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरांकडून ऐकलं. त्या दिवशी घरी आले आणि ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक कॅप्सूल मोजली. दहाच्या दहा होत्या.