हंगाम सरल्यानंतर : बालवयातील हॉकी, सराव आणि सामने

बालवयातील हॉकीपटूला बाराही महिने सामने खेळवावेत, की हंगाम सरल्यावर स्पर्धा थांबवून त्याचे शरीर आणि कौशल्य घडवावे, हा प्रश्न उत्तर अमेरिकेत गेली अनेक वर्षे फार पोटतिडकीने चर्चिला जात आहे. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या मैदानी हॉकीहून ती निराळी. तथापि वाढत्या वयाचे मूल, त्याचे महत्त्वाकांक्षी पालक आणि चषकाची ओढ असलेला प्रशिक्षक ही त्रयी दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून त्या चर्चेचा परामर्श घेणे आपल्या निवासी विद्यालयाच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल, असे वाटते.

पूर्वी मिनेसोटातील किंवा कॅनडातील गावांत तळी गोठली की हंगाम सुरू होई आणि बर्फ वितळला की संपे. सुट्टी निसर्गच देत असे. कृत्रिम बर्फाची बंदिस्त क्रीडागृहे आली आणि ही सुट्टी संपुष्टात आली. बर्फ गोठवून ठेवण्याचा खर्च मोठा, तेव्हा क्रीडागृह रिकामे ठेवणे कोणाला परवडणार? त्यातून वसंतातील निवडक संघ आले, उन्हाळी साखळी सामने आले. शेजारचा मुलगा खेळतो आहे, आपला मागे पडेल, ही धास्ती पालकांच्या मनात शिरली. यात कोणी खलनायक नाही. प्रत्येकाचे वागणे समजण्याजोगे आहे. परिणाम मात्र एवढाच की दहा वर्षांच्या मुलाला वर्षात एकही मोकळा महिना उरला नाही.

सामन्यांतूनच खेळाडू घडतो, हा समज किती खरा आहे, हे साध्या हिशोबाने तपासता येते. बर्फावर गोलरक्षक वगळता दोन्ही बाजूंचे मिळून दहा खेळाडू असतात आणि ‘पक’, म्हणजे रबरी चकती, एकच. बालगटाचा सामना ४५ मिनिटांचा धरला आणि मुले तीन तुकड्यांत आळीपाळीने उतरली, तर एकाच्या वाट्याला १५ मिनिटे येतात. ती दहा जणांत विभागली की प्रत्येकाच्या स्टिकवर चकती जेमतेम दीड मिनिट राहते. आणि बराच काळ ती कोणाच्याच ताब्यात नसते, हे आणखी वेगळे. आपल्या मैदानी हॉकीत ६० मिनिटे आणि गोलरक्षकांखेरीज वीस खेळाडू. म्हणजे फार तर तीन मिनिटे. एवढ्यासाठी मुलाचा सबंध दिवस प्रवासात जातो. उलट छोट्या चौकोनात चार-चार मुलांना एक चेंडू देऊन तासभर सराव घेतला, तर हाच चेंडू प्रत्येकाला कितीतरी पटींनी अधिक लाभतो.

अमेरिकेतील हॉकीची राष्ट्रीय संघटना ‘यूएसए हॉकी’ हिने २००९ साली बालखेळाडूंच्या विकासाचा नवा आराखडा स्वीकारला, त्यामागे हाच विचार होता. अगदी लहान मुलांना पूर्ण बर्फाऐवजी त्याच्या आडव्या तुकड्यावर खेळवावे, नेहमीच्या १७० ग्रॅमच्या चकतीऐवजी सुमारे ११३ ग्रॅमची निळी चकती द्यावी, सामने कमी करून सराव वाढवावा, असे त्यात सुचविले होते. १२ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही संघटनेने बंद केली. पालकांना ते रुचणे कठीणच होते. पुढे २०१६ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सल्ला दिला की मुलाने आपल्या मुख्य खेळापासून वर्षात एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्याने, दूर राहावे. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. आणि एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय शक्यतो पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावा.

निवडीचाही एक दोष येथे लक्षात घेण्यासारखा आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली दाखवून दिले की वरच्या दर्जाच्या हॉकी संघांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर अधिक आहेत. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. नवव्या-दहाव्या वर्षी हा फरक फार मोठा. स्पर्धा जिंकायची घाई असलेला प्रशिक्षक थोराड मुलगा निवडतो आणि त्यालाच गुणवत्ता म्हणतो. मग उत्तम शिकवणी आणि अधिक खेळ त्याच्याच वाट्याला येतो. डिसेंबरचा मुलगा बाकावर बसून एके दिवशी खेळ सोडतो.

हंगामाबाहेरील सरावाचे सामर्थ्य जगाला दाखविले ते सोव्हिएत संघाने. तेथे या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४६ साली सुरू झाली, आणि १९५४ साली स्टॉकहोम येथे कॅनडाला ७-२ असे नमवून ते जगज्जेते झाले. कृत्रिम बर्फाची तेथे वानवा होती. प्रशिक्षक अनातोली तारासोव यांनी उन्हाळ्यात खेळाडूंकडून कोरड्या जमिनीवर धावणे, उड्या, वजने, कसरती आणि फुटबॉल असा कसून सराव करून घेतला. उणिवेतून पद्धत जन्मली. मात्र या पद्धतीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे व्हिक्टर तिखोनोव यांच्या काळात मॉस्कोच्या सैन्यसंघातील खेळाडूंना वर्षाचे दहा-अकरा महिने कुटुंबापासून दूर छावणीत ठेवले जाई, आणि फेतिसोव्हसारख्या थोर खेळाडूने त्याविरुद्ध बंड केले. म्हणजे नुसते सामने कमी केले की मूल मोकळे झाले, असे नाही. सरावाचाही जाच होऊ शकतो. वसतिगृहातील मुले चोवीस तास आपल्या हाताशी असतात. हा मोह आम्हा क्रीडाशिक्षकांनी ओळखून असावा.

मीही चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी १४ वर्षांखालील संघाला एप्रिल-मेमध्ये लागोपाठ चार निमंत्रित स्पर्धांना नेले. दोन चषक आले, सत्कार झाला. जूनमध्ये तिघे लंगडत आले. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग पोटरीच्या स्नायूच्या ओढीने दुखावतो आणि त्यावर विश्रांती हाच मुख्य उपाय आहे, हे मला डॉक्टरांकडून तेव्हा कळले. दुसरी गोष्ट माझी मलाच उमगली : उलट्या स्टिकने चेंडू अडविणे ज्यांना मार्चमध्ये जमत नव्हते, त्यांना ऑगस्टमध्येही जमेना. ते स्वाभाविकच होते. सामन्यात मूल जे येते तेच करते. चुकण्याची मुभा तेथे नसते. नवे शिकायचे तर शंभर वेळा चुकावे लागते, आणि तेवढी उसंत हंगामाबाहेरच मिळते.

सामन्यांचे मोल मी नाकारीत नाही. दडपण सोसणे, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविणे, पंचाचा निर्णय निमूट मानणे हे भिंतीवर चेंडू मारून येत नाही. परंतु खडकीच्या वसाहतीतील धुळीच्या मैदानावर, मोडक्या स्टिक घेऊन धनराज पिल्ले यांच्यासारखा चार ऑलिम्पिक खेळलेला खेळाडू घडला, तो वेळापत्रकाबाहेरच्या मनसोक्त खेळातूनही घडला, हे विसरून चालणार नाही.

सध्या आमच्याकडे स्पर्धा संपल्यावर पहिला महिना स्टिक कपाटात असते. मुले खो-खो, फुटबॉल खेळतात, विहिरीवर पोहतात. त्यानंतर आठवड्यातून चार दिवस, सकाळी पाऊण तास, अर्ध्याहून लहान मैदानावर चार-चारांचे खेळ होतात. गुण मोजत नाही. मुले अर्थातच मनात मोजतात. उरलेला वेळ त्यांचा. यंदाच्या मे महिन्याची दोन निमंत्रणे टेबलावर आहेत. एक स्वीकारावे, एक सविनय परत करावे असा विचार आहे; कोणते, ते संघाला विचारून येत्या शनिवारी ठरेल.