खणाची दर्शनी फळी बसविताना

उन्हाळ्यात करून घेतलेल्या टेबलाचा खण पावसाळ्यात घट्ट बसतो आणि ऐन पेरणीच्या वेळी सात-बाराचा उतारा व बियाण्यांच्या पावत्या आत अडकून पडतात. गगनबावडा, राधानगरी यांसारख्या अतिपावसाच्या तालुक्यांत हा त्रास अधिक जाणवतो.

लाकूड हवेतील ओल शोषून फुगते व ओल गेल्यावर आकसते. हा फरक लांबीत नगण्य, परंतु रुंदीत ठळक असतो. दर्शनी फळीचे तंतू आडवे असल्यामुळे तिची उंची वाढते. १५ सेंटिमीटर उंचीची सागवानी फळी सुमारे २ मिलिमीटर फुगू शकते. यास्तव पुढील काळजी घ्यावी :

१. लाकूड पूर्ण वाळलेले असावे.

२. उन्हाळ्यात फळी बसविल्यास वरच्या बाजूस २ ते ३ मिलिमीटर फट ठेवावी. पावसाळ्यात बसविल्यास अगदी थोडी फट पुरते.

३. लाकडी तळ खाचेत मोकळा सरकवावा. सरसाने चिकटवू नये.

४. अडकलेल्या खणावर पावसाळ्यात रंधा मारू नये. लाकूड आकसल्यावर फट रुंदावते व झुरळांना वाट मिळते. तूर्त कडांना मेण घासावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती गावच्या सुतारांस अवश्य द्यावी.