ढिला टर्बो आवळण्यापूर्वी

सातारा

चि. ओंकार,

तू पाठवलेले फोटो पाहिले. ऊस वाहणाऱ्या ट्रकचा टर्बो मॅनिफोल्डवर हलतोय, मागच्या महिन्यातच नट आवळून दिले होते आणि आता पुन्हा तीच तक्रार. तुझा प्रश्न एवढाच आहे : "मामा, किती टाईट करू?" याचं उत्तर फोनवर एका वाक्यात देता आलं असतं. पण हंगाम सुरू आहे, असे ट्रक रोज तुझ्या दारात येणार, म्हणून सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. नट उगाच ढिला होत नाही. त्याला ढिलं करणारं काहीतरी गाडीत असतं, आणि ते सापडेपर्यंत तुझं काम सुरूच झालेलं नसतं. पाना घालून जोर लावला की गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण महिन्याभरात तेच गिऱ्हाईक तुटलेला स्टड घेऊन परत येतं.

टर्बो तीन-चार स्टडवर टांगलेला असतो. भरल्या लोडने खंबाटकी घाट चढताना डिझेल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डपाशी ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. गाडी उभी राहिली की सगळं थंड होतं. मॅनिफोल्डचं बीड, स्टड आणि टर्बोचं घर ही तिन्ही रोज अनेकदा फुगतात आणि आकसतात. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा फ्लँजला दाबून धरतो. हा ताणच जोड टिकवतो. उष्णतेने धातू नरम पडून तो ताण उतरला, की नट जागेवर असूनही जोड सुटलेला असतो. मग इंजिनाची थरथर उरलेलं काम करते.

म्हणून स्टड कुठला आहे याला फार महत्त्व आहे. गंजत नाही म्हणून साधा स्टेनलेसचा स्टड कधी लावू नकोस. ४० मिलिमीटर लांबीचा भाग ५०० अंशांनी तापला तर बीड साधारण ०.२१ मिलिमीटर वाढतं आणि साधं स्टेनलेस ०.३४ च्या आसपास. म्हणजे स्टड ०.१३ मिलिमीटरने जास्त लांबतो, आणि आवळताना आपण त्याला एवढंही ताणलेलं नसतं. ऐन घाटात, भर लोडवर पकड जाते ती अशी. बाजारातला साधा हाय टेन्साइल बोल्टही ४०० अंशांच्या पुढे नरम पडत जातो. त्या इंजिनासाठी कंपनीने दिलेलेच उष्णतेचे स्टड आणि नट आण. दोन-चारशे रुपये जास्त लागतील, पण तिथे काटकसर नको.

आता तुझ्या फोटोंकडे वळतो. फ्लँजच्या खालच्या कोपऱ्यापासून काजळीचा पट्टा निघून मॅनिफोल्डवर पसरत गेलाय. वरच्या दोन स्टडपाशी मात्र बीड स्वच्छ आहे. म्हणजे जोड खालून उघडतोय. दुसऱ्या फोटोत डाऊन पाईपच्या ब्रॅकेटचं भोक रिकामं दिसतं, तिथे बोल्टच नाही. सायलेन्सरच्या पाईपचं सगळं ओझं टर्बोवर येतंय आणि प्रत्येक खड्ड्याला तो खाली ओढला जातोय. माझ्या मते तुझा गुन्हेगार तो सुटलेला ब्रॅकेटच आहे. तरी इंजिनाचे माउंटिंग, पाईपचा लवचिक जोड आणि टर्बोखालचा आधाराचा ब्रॅकेट, हे तिन्ही हाताने हलवून बघ. यातलं एकही ढिलं असेल तर नवे नटही टिकणार नाहीत.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय काम सुरू करू नकोस. स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार. नट अडला तर जोर वाढवू नकोस. नट तापव, पुन्हा तेल सोड आणि थोडा पुढे, थोडा मागे असा सोडव. तापवण्याआधी आसपासचं तेल आणि डिझेल नीट पुसून घे. टर्बो उतरला की मॅनिफोल्डचं तोंड आणि तेलाची भोकं लगेच झाक. टर्बोचं चाक मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. आत राहिलेला एक वॉशर त्याची पाती साफ करून टाकेल.

मग दोन्ही फ्लँज खरवडून स्वच्छ कर, सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेव आणि खाली फीलर गेज सरकवून बघ. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त फट दिसली तर लेथवाल्याकडून फेस मारून आण. वाकलेला फ्लँज नट आवळून सरळ होत नाही, त्याला तडा जातो. तडे बारकाईने शोध, विशेषतः स्टडच्या भोकांभोवती. आटे गेले असतील तर नीट दुरुस्त कर, मोठा बोल्ट ठोकून वेळ मारून नेऊ नकोस.

पॅकिंग दरवेळी नवं आणि धातूचंच घाल. सिलिकॉन तिथे जळून जातं. टर्बो स्टडवर हाताने सहज बसला पाहिजे. डाऊन पाईप लांब पडतोय म्हणून नटाने ओढून जुळवलास, तर तो ताण कायमचा टर्बोवर राहतो. आधी टर्बो बसव, मग पाईप, आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी आवळ. टर्बोचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळ. आकडा मॅन्युअलमधलाच घे. तो कोरड्या आट्यांसाठी आहे की पेस्ट लावलेल्या, हेही वाच. पेस्ट लावून कोरड्याचा आकडा वापरलास तर स्टडवर जास्त ताण येतो.

नट अडकवून ठेवण्याचे नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत. नायलॉनचा नट १२० अंशांच्या आसपासच हार मानतो, साधं थ्रेड लॉक १५० च्या पुढे सुटतं, आणि स्प्रिंग वॉशरची स्प्रिंगच तापून मरते. कंपनीने जे दिलं असेल तेच लाव : पूर्ण धातूचा लॉक नट, कान वाकवायचा टॅब वॉशर किंवा उताराच्या दातांचे जोडीचे वॉशर.

चालू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओत, इंजिन सुरू न करता थोडं फिरव, मग काही मिनिटं आयडलवर ठेव. तेलाची नळी नीट बघ. हलणाऱ्या टर्बोने ती नळी चिरते, आणि लालबुंद बिडावर तेल उडालं की गाडी पेटते. एक लोडची फेरी झाली की ट्रक परत बोलाव, आणि थंड इंजिनावर काजळी व नट दोन्ही तपास.

मालक म्हणेल, "चालतंय की, हंगाम संपू दे." त्याला त्याच्या नफ्यातोट्याच्या भाषेत समजाव. वाया जाणाऱ्या धुराची ताकद कामाला लावायची, ही टर्बोची मूळ कल्पना आहे. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं. फ्लँजपाशी गळलेला धूर टर्बाइनपर्यंत पोचतच नाही. मग हवा कमी पडते, गाडी काळा धूर सोडते, पिकअप जातो आणि डिझेल जास्त लागतं. आणि त्याला हेही सांग, की गळक्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. रात्री कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणाऱ्या ड्रायव्हरच्या जिवाशी हा खेळ आहे. हे ऐकूनही मालक नको म्हणाला, तर नुसतं आवळून पैसे घेऊ नकोस. काय बिघडलंय आणि काय धोका आहे, ते बिलावर लिहून दे.

तुझा हात चांगला आहे आणि कष्टाला तू मागे हटत नाहीस. आता हाताच्या आधी नजर चालव. उद्या त्या ट्रकखाली शिरलास की पाना बाहेरच ठेव, टॉर्च घेऊन आत जा, आणि ब्रॅकेटचा बोल्ट का गेला ते आधी शोध.

तुझा,
मामा