सायकलफेरी आणि मागे राहणारे

मूळ वचन : उत्पत्ती ३३:१३-१४

३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून पाळावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०१८ मध्ये ठरविले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये फिट इंडिया मोहिमेतर्फे रविवारच्या सायकलफेऱ्यांचा उपक्रम दिल्लीत सुरू झाला. आता बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्या तरुण संघांनाही अशा फेरीचे बोलावणे येते. जावे की न जावे?

पहिली अडचण उपासनेची. फेरी सकाळी लवकर सुटते व उपासनेआधी परत येता येते. वेळ मोडतो तो भाषणांत आणि फोटोंत. तेव्हा कितीला परत फिरायचे हे आदल्या दिवशीच ठरवावे, व ती वेळ झाली की आयोजकांचा निरोप घेऊन निघावे. एवढ्याने हा प्रश्न सुटतो. दुसरा त्याहून कठीण आहे, आणि तो आम्ही आमच्या चुकीतून शिकलो.

आम्ही नऊ जण अशाच एका फेरीला गेलो होतो. त्यात एका मुलाजवळ थोरल्या भावाची जुनी सायकल होती. २००६ नंतर काही वर्षे कर्नाटक सरकार आठवीच्या मुलांना सायकली देत असे, त्यांतली ती. रस्ता चांगला, वारा पाठीशी. आम्ही भरधाव निघालो. चहाला थांबून मोजले तर आठच! मैलभर मागे तो मुलगा बाभळीचा काटा रुतलेले चाक हाताने ढकलीत येत होता. पंक्चरचे सामान आमच्या पिशवीत होते, आणि पिशवी सर्वांच्या पुढे होती. त्याने तक्रार केली नाही. पण पुढच्या फेरीला तो आला नाही.

याकोबाची आठवण आम्हांस तेव्हा झाली. एसाव चारशे माणसांनिशी आला होता व बरोबर चालण्याचा आग्रह करीत होता. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस जास्त दामटली तर कळप मरेल, म्हणून त्यांच्या चालीने मी सावकाश येतो, असे त्याने कळविले. याकोबाच्या मनात एसावाचे भयही असेल, हे खरे. पण त्याने सांगितलेला हिशोब चुकीचा नव्हता.

हा हिशोब सायकलीलाही लागू पडतो. जूनमध्ये आपल्या पठारावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो. समोरून वारा असता पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे पुष्कळ श्रम वाचतात. म्हणून अशक्त गड्याला शेपटीला टाकू नये. दणकट गड्याच्या लगेच मागे, एका सायकलीचे अंतर राखून ठेवावे. शेपटीला राहावे ते अनुभवी माणसाने, पंप व पंक्चरचे सामान घेऊन. पुढच्याने खड्डा दिसताच ओरडून सांगावे आणि अचानक ब्रेक लावू नये. दोनांहून अधिक सायकली शेजारी-शेजारी नकोत. बिदर पठाराच्या कडेवर वसलेले. किल्ल्याकडून अष्टूरच्या बहामनी कबरींकडे जाताना उतार लागतो आणि येताना तोच चढ होतो. नवखा जातानाच दम घालवून बसतो.

आदल्या संध्याकाळी सर्वांच्या सायकली एकत्र तपासाव्यात : हवा, ब्रेकचे रबर, साखळीला तेल. सीट इतकी उंच हवी की पायडल खाली असता गुडघा किंचितच वाकेल. बुटक्या सीटवर बसून दमलेला मुलगा स्वतःलाच दुबळा समजतो!

कोणी म्हणेल, मग यात चुरस ती काय राहिली? शर्यत हवी त्याने शर्यतीला जावे, त्यात वाईट काही नाही. पण फ्रान्समधून आलेल्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या भारतातही होतात; तेथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात, तरी पहिला-दुसरा क्रमांक दिला जात नाही. सोपे काम नव्हे ते.

त्या मुलाच्या घरी आम्ही जाऊन आलो. मागचे टायर पार झिजले होते, ते संघाच्या पैशांतून बदलून दिले. पुढच्या फेरीत आम्ही शेपटीला राहू, असेही सांगितले. येतो की नाही, हे त्याने अजून कळविलेले नाही.