पत्त्यांची वही आणि तिचा मुखत्यार

झाशीच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड २८४००१ असा आहे. त्यातील पहिला अंक उत्तर प्रदेश व आजचा उत्तराखंड हा प्रदेश सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा झाशी विभाग ठरतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून वाटप करणारी कचेरी कळते. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. दळणवळण खात्यातील एक वरिष्ठ अधिकारी ही त्यांची एक ओळख, तर संस्कृत कवी व नाटककार ही दुसरी. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाचा जो घोळ होत असे, तो सहा अंकांनी पुष्कळसा मिटविला. २०२१ च्या अखेरीस झाशीच्या रेल्वे स्थानकास वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले व त्याची संकेताक्षरेही बदलली. शहराचा पिनकोड मात्र होता तोच राहिला. कायमचा पत्ता तो हा.

त्याच स्थानकावर दुसऱ्या प्रकारचा पत्ताही रोज पाहावयास मिळतो. दिल्लीहून आलेल्या गाडीत 'एस-४, ३२' या शायिकेवरचा प्रवासी झाशीस उतरतो आणि तीच शायिका पुढे भोपाळकडे जाणाऱ्या दुसऱ्या प्रवाशास मिळते. दोघांचाही हक्क खरा आहे, पण तो प्रवासापुरता. या व्यवस्थेत शायिकेपेक्षा महत्त्वाचा असतो तो तिकीट तपासनीसाच्या हातातील तक्ता. तक्त्यात एकच शायिका एकाच वेळी दोघांच्या नावे लागली, तर भांडण डब्यात होते, परंतु चूक घडलेली असते ती नोंदीत. संगणकांच्या जाळ्यातील पत्त्यांचे वाटप नेमके या दुसऱ्या जातीचे आहे.

जाळ्यावरील प्रत्येक यंत्रास एक आकडी पत्ता लागतो. सर्वसाधारण प्रचारातील पत्ता चार संख्यांचा असतो व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते, उदाहरणार्थ १०.२०.५.४७. प्रारंभी हे पत्ते हातानेच भरले जात. दहा-वीस यंत्रे असतील तोवर कागदावरची यादी पुरे. शेकडो यंत्रे झाली, ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली, की यादी मागे पडते आणि दोन यंत्रांना एकच पत्ता दिला जातो. मग कधी हे यंत्र अबोल होते, कधी ते; आणि दोष केबलचा की यंत्राचा, याचा शोध घेण्यात दिवस जातो.

यावर उपाय म्हणून १९९३ च्या ऑक्टोबरात 'डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल', म्हणजे डीएचसीपी, हा संकेत प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स हे त्याचे लेखक. १९९७ च्या मार्चमध्ये त्यांनीच सुधारलेली आवृत्ती आजही या विषयाचा आधार आहे. व्यवहार चार पावलांचा आहे. नवे यंत्र जाळ्यावर येताच 'कोणी पत्ता देणारा आहे काय?' अशी हाक देते. पत्ता वाटणारा सर्व्हर एक पत्ता पुढे करतो. यंत्र त्याची रीतसर मागणी करते. सर्व्हर होकार देऊन वहीत नोंद करतो. पत्त्याबरोबरच बाहेर जाण्याचा मार्ग कोणता आणि नावांचा उलगडा कोण करील, हीही माहिती यंत्रास मिळते.

दिलेला पत्ता मुदतीचा असतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात आठ दिवसांची ठेवलेली असते. निम्मी मुदत संपली, म्हणजे चार दिवस झाले, की यंत्र आपल्या सर्व्हरकडे मुदतवाढ मागते. ती न मिळाल्यास सात दिवसांनंतर, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर, जो कोणी सर्व्हर ऐकेल त्याच्याकडे मागते. कचेरीतील मेजावरच्या यंत्रांना हे ठीक आहे. प्रतीक्षालयासारख्या ठिकाणी मात्र, जेथे माणूस तासाभराने निघून जातो, तेथे आठ दिवसांची मुदत म्हणजे गेलेल्या प्रवाशाच्या नावे शायिका अडवून ठेवणे होय. २५४ पत्त्यांचा संच अशा ठिकाणी एका दुपारीही संपू शकेल. मुदत तासावर आणली की तोच संच पुरतो.

विंडोज घराण्यात ही सोय १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ पासून आहे. तिची वही, म्हणजे कोणता पत्ता कोणास व केव्हापर्यंत दिला याची नोंद, सर्व्हरच्याच डिस्कवर राहते व दर साठ मिनिटांनी तिची प्रत काढली जाते. ही प्रतही मुळात त्याच डिस्कवर पडते, हे पुष्कळांच्या ध्यानी डिस्क गेल्यावरच येते. दैनंदिन घडामोडींची टिपणे वारांच्या नावाने सात फाइलींत लिहिली जातात. पुढच्या सोमवारी मागच्या सोमवारचे टिपण पुसले जाते. दहा दिवसांपूर्वी अमुक पत्ता कोणाकडे होता, हे चौकशी अधिकाऱ्याने विचारले तर सर्व्हरपाशी उत्तर नसते.

आता एका मोठ्या कारभाराची कल्पना करावी. झाशी हे रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठिकाण. ३१ मार्च २००३ पर्यंत हा विभाग मध्य रेल्वेचा होता व त्याचा वरिष्ठ कारभार मुंबईहून चाले. १ एप्रिल २००३ पासून तो उत्तर मध्य रेल्वेत गेला व मुख्यालय अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, झाले. अशा आकाराच्या एखाद्या संस्थेत कचेरी, कार्यशाळा, रुग्णालय अशा प्रत्येक जागी एकेक विंडोज सर्व्हर पत्ते वाटीत आहे असे समजू. प्रत्येक वही निराळी. कोणत्या जागी किती पत्ते उरले, हे पाहण्यास प्रत्येक सर्व्हरवर वेगळे जावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी मध्यवर्ती व्यवस्थापनाची प्रणाली बसवितात आणि तिच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा एक लहानसा प्रोग्राम विंडोज यंत्रावर ठेवतात. त्याला एजंट म्हणतात. मराठीत त्यास मुखत्यार हा शब्द अधिक शोभतो, कारण तो स्वतः पत्ते वाटत नाही. दुसऱ्याच्या वतीने वही वाचतो आणि अधिकार दिला असेल तर तीत लिहितो.

मुखत्याराची नेमणूक करताना पहिला प्रश्न जागेचा. त्यास पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवरच बसविता येते. तेव्हा यंत्राचे अंगभूत 'लोकल सिस्टम' खाते बहुधा पुरते. एकाच यंत्रावर बसून अनेक सर्व्हर पाहावयाचे असतील, तर त्यास डोमेनमधील स्वतंत्र खाते द्यावे लागते, त्या खात्यास सेवा म्हणून चालण्याची परवानगी द्यावी लागते आणि प्रत्येक सर्व्हरवर योग्य गटात त्याचे नाव घालावे लागते. विंडोजमध्ये यासाठी दोन गट आहेत. 'डीएचसीपी युजर्स' या गटास वही केवळ वाचता येते; 'डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स' या गटास तीत फेरफार करता येतो. हे गट कधी कधी तयारच झालेले नसतात. ते निर्माण करून डीएचसीपीची सेवा एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज ते लागू होत नाहीत. बसविणारा सर्व पायऱ्या बरोबर चढतो आणि तरीही 'प्रवेश नाही' हेच उत्तर मिळते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

याच क्षणी एक मोह होतो. संपूर्ण डोमेनच्या प्रशासकाचे खाते मुखत्यारास दिले की सर्व अडथळे एकदम नाहीसे होतात व काम पाच मिनिटांत संपते. परंतु मग वही पाहण्यासाठी नेमलेल्या प्रोग्रामच्या हाती संस्थेतील प्रत्येक यंत्राची किल्ली जाते, आणि ज्या यंत्रावर तो बसला आहे ते कोणी हस्तगत केले तर ती किल्लीही त्याच्या हाती जाते. झाशीच्याच इतिहासात अधिकारपत्राची एक गोष्ट आहे. अठराव्या शतकात नारो शंकर आणि नंतर नेवाळकर हे पेशव्यांचे सुभेदार म्हणून येथे कारभार पाहत. अधिकार पुण्याचा, हिशेबही पुण्यास द्यावयाचा. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील हक्क सोडले, त्याच वर्षी कंपनीने रामचंद्रराव नेवाळकरांची सत्ता वंशपरंपरागत मानली, आणि १८३२ मध्ये त्यांना राजा हा किताब मिळाला. मूळ धनी बाजूस झाला व नेमलेला कारभारी मालक ठरला. तेथे त्याला राजकीय कारणे होती. संगणकाच्या जाळ्यात केवळ आळसाने तेच घडते.

दुसरा प्रश्न वाटेचा. मध्यवर्ती प्रणाली मुखत्याराशी एका ठरलेल्या टीसीपी पोर्टवरून बोलते. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ती वाट केवळ त्या प्रणालीच्याच पत्त्यासाठी उघडावी. मुखत्यार दूरच्या सर्व्हरशी बोलतो ते दूरस्थ आज्ञांच्या पद्धतीने. त्यासाठी १३५ क्रमांकाचे पोर्ट आणि ४९१५२ पासून वरची बदलती पोर्टे लागतात. यंत्रे पत्ता मागतात ती ६७ व ६८ क्रमांकांची वाट याहून सर्वस्वी वेगळी आहे. या दोन वाटांची गल्लत झाली की यंत्रांना पत्ते मिळत असूनही पडद्यावर सर्व्हर बंद दिसतो आणि लोक चालू सर्व्हरच दुरुस्त करू लागतात.

तिसरी बाब संकेतशब्दाची. नियमाप्रमाणे तो बदलला जातो, सेवेस मात्र जुनाच ठाऊक असतो; पुढे यंत्र पुन्हा चालू झाले की मुखत्यार उठत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून सेवेच्या खात्याचा संकेतशब्द डोमेनच आपोआप बदलील, अशी सोय झाली आहे. मध्यवर्ती प्रणाली ती मानत असेल तर तीच वापरणे इष्ट.

त्याच २०१२ च्या आवृत्तीत दोन सर्व्हरांनी एकच संच मिळून सांभाळण्याची सोय आली. एक पडला तर दुसरा काम पाहतो. दिलेल्या पत्त्यांच्या नोंदी दोघांत आपोआप जुळत राहतात. संचाची मांडणी, म्हणजे राखीव पत्ते किंवा बाहेरचा मार्ग, एकावर बदलली तर ती दुसऱ्यावर आपोआप जात नाही; प्रतिलिपीची आज्ञा द्यावी लागते. मुखत्याराने एकाच जोडीदारावर राखीव पत्ता लिहिला व ही आज्ञा राहिली, तर छापयंत्रास आज हा पत्ता मिळेल आणि पहिला सर्व्हर बंद पडलेल्या दिवशी दुसराच मिळेल. अशी चूक महिनोन्महिने झाकलेली राहते आणि नेमकी अडचणीच्या दिवशी उघडी पडते. मध्यवर्ती प्रणाली ही प्रतिलिपी स्वतः करते किंवा नाही, हे बसविण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

नेमणूक झाल्यावर परीक्षा घ्यावी ती अशी. प्रथम मुखत्यारास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा व पडद्यावरील आकडे सर्व्हरच्या स्वतःच्या खिडकीतील आकड्यांशी ताडून पाहावेत. मग लिहिण्याचा अधिकार देऊन एखादा निरुपयोगी पत्ता राखीव करावा, तो सर्व्हरवर उमटला की काढून टाकावा. शेवटी मुखत्याराची सेवा मुद्दाम बंद करावी आणि एखाद्या यंत्रास नव्याने पत्ता मागावयास लावावे. पत्ता मिळालाच पाहिजे. न मिळाल्यास यंत्र काही वेळाने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करील. तो पाहताच समजावे की मुखत्याराबरोबर सर्व्हरही थांबला आहे, आणि बसविताना दोघांचे काम कोठे तरी एकमेकांत गुंतले आहे.

जुन्या प्रतीवरून वही परत आणण्याची पाळी आली, तर प्रत काढल्यानंतर दिलेले पत्ते तीत नसतात व सर्व्हर तेच पत्ते दुसऱ्यांना देऊ पाहतो. त्या दिवसांपुरती, पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे काय हे पडताळण्याची सूचना सर्व्हरला द्यावी. मुळात ती शून्यावर असते, एक किंवा दोन वेळा पुरे. आणि मुखत्याराचे यंत्र निवृत्त करताना प्रोग्राम पुसण्याआधी त्याच्या खात्याचे नाव प्रत्येक सर्व्हरच्या गटातून काढावे. यंत्र भंगारात गेले तरी मुखत्यारपत्र तोवर चालूच असते.