घाईत उरकलेल्या कामाला इंग्रजीत काय म्हणावं?

प्रश्न : कार्यालयातून कंत्राटदारांना इंग्रजीत पत्रं लिहावी लागतात. काम घाईत, दुर्लक्षाने केलेलं असलं की मी दरवेळी ‘केअरलेस’ लिहितो. याहून नेमके शब्द आहेत का?

उत्तर : पुष्कळ आहेत, पण शब्द बदलला की आरोपही बदलतो. माल हलका आणि कारागिरी कच्ची असेल तर ‘शॉडी’ लिहा. हा शब्द मूळचा लोकरीच्या धंद्यातला. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी 1813च्या सुमारास बेंजामिन लॉ यांनी लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून सूत काढलं. त्या स्वस्त कापडाचं नाव शॉडी. त्यात निंदा नव्हती. 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेकडच्या फौजेला तातडीने गणवेश हवे होते आणि काही पुरवठादारांनी असा माल दिला की पावसापाण्यात तो सैनिकांच्या अंगावरच फाटू लागला. तिथून हा शब्द बदनाम झाला. पानिपतच्या कारखान्यांत मात्र शॉडी हे आजही मालाचंच नाव आहे. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं तिथे बनतात.

भराभर, कसंबसं फासून मोकळं झालेल्या कामाला ‘स्लॅपडॅश’. ‘स्लिपशॉड’ म्हणजे मुळात सैल सपाता फरफटत चालणारा. आता तो ढिसाळ नोंदींना, हिशेबांना, लेखनाला लावतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाने होतं तेही बिघडवलं, तर ‘बॉच्ड’.

मला स्वतःला ‘परफंक्टरी’ फार मोलाचा वाटतो. आपण ‘पाट्या टाकणं’ म्हणतो, तेच. काम पूर्ण असतं, नियमात बसतं, सहीशिक्काही असतो. फक्त करणाऱ्याचं लक्ष त्यात नसतं. गच्चीवर न चढता गळतीचा अहवाल देणाऱ्याची पाहणी ही अशी. ‘कर्सरी’ त्याच्या जवळचा, पण सौम्य. वेळ कमी असताना कागदांवर वरवर नजर टाकली, तर तो दरवेळी दोष नसतो.

पत्र कंत्राटदाराला जाणार आहे, म्हणून एक सांगतो. विशेषणावर वाद घालता येतो, तपशिलावर घालणं कठीण. आधी गिलावा कुठे सुटला, कोणत्या खोलीत ओल आली, ते तारखेसह लिहा. ‘शॉडी’ त्यानंतरच्या वाक्यात येऊ द्या.