छापलेले सगळे खरे नसते : पुस्तकांच्या जाहिराती आणि आपले आजार



आरोग्याच्या पानावर या वेळी आम्ही पुस्तकांबद्दल लिहीत आहोत. वस्तीत बीपी-शुगर तपासत फिरताना काही घरांत गोळ्यांचे पाकीट न फोडलेले दिसते आणि शेजारचे पुस्तक मात्र वाचून वाचून झिजलेले असते, म्हणून हा विषय घेतला.

अशाच एका घरात साठीच्या आजींची उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर निघाली. दीड महिन्यापासून गोळ्या बंद. मुलाने मोबाईलवर जाहिरात पाहून पुस्तक मागवले होते. मनाची शक्ती जागवा, एकवीस दिवसांत मधुमेह, रक्तदाब आणि कर्ज यांतून मुक्त व्हा, असे त्या जाहिरातीत होते. (तिन्ही एकाच पुस्तकाने जाणार होते!) आजींना वाचता येत नाही. नात रोज संध्याकाळी पान वाचून दाखवायची. गोळ्या का सोडल्या विचारले तर आजी म्हणाल्या, "छापलंय की बाई त्यात. छापलेलं खोटं कसं असंल?"

त्यांना दवाखान्यात नेले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर शिवू दिले गेले नाही, त्या समाजाला छापील शब्दाचा मान वाटणारच. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आपली माणसे भाकरी बांधून येतात आणि परतताना पिशवीत पुस्तके नेतात. पुस्तकावरचा हा विश्वास आपण कष्टाने कमावला आहे. आजार बरा करण्याचे वचन देऊन पुस्तक विकणारा नेमका त्याच विश्वासावर धंदा करतो.

जाहिरात कशी बनते ते पाहू. "लाखो वाचकांचे आयुष्य बदलले" असे लिहिलेले असते. लाखो प्रती खपल्या असतीलही, पण खपलेली प्रत म्हणजे बरा झालेला रुग्ण नव्हे. मग वाचकांची पत्रे येतात. समजा शंभर जणांनी पुस्तक घेतले आणि पाच जणांना बरे वाटले. पत्र ते पाच जण लिहितात. उरलेले पंचाण्णव गप्प बसतात, कारण पैसे गेले हे कोणी हौसेने सांगत नाही. आणि ज्याचा आजार बळावला तो पत्र लिहायला बसत नाही, तो दवाखान्याच्या रांगेत असतो. लेखकाच्या नावाआधी "डॉ." असेल तर पदवी कोणती ते बघा. ती वैद्यकाची असेल असे नाही. शिवाय अशा बऱ्याच पुस्तकांत आतल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरात छापलेले असते की हे पुस्तक वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. बाहेर मोठ्या अक्षरात वचन द्यायचे आणि आत बारीक अक्षरात हात वर करायचे, अशी ही रीत आहे.

"पण खरंच बरं वाटलं हो" असेही पुष्कळ जण सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. अंगदुखी, झोप न येणे, अ‍ॅसिडिटी, धडधड हे त्रास आपोआप कमी-जास्त होतात. त्रास फार वाढला की माणूस पुस्तक मागवतो, आणि वाढलेला त्रास थोडा उतरायचाच असतो. शिवाय मन शांत झाले की झोप लागते, चालणे वाढते, खाण्यावर ताबा येतो. हे चांगलेच आहे. वाचनाला किंवा श्वासावर लक्ष देऊन बसण्याला आमचा विरोध नाही, आम्हीही बसतो. पण बरे वाटणे आणि आजार जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. साखरही बराच काळ काही कळू न देता डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा खात राहते. म्हणून बरे वाटते का हे मनाला विचारून भागत नाही, यंत्राला आणि रक्ताला विचारावे लागते. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. एकवीस दिवसांत मधुमेह घालवणाऱ्याला हा कागद दाखवायला सांगा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

सन २००६ मध्ये ऱ्होंडा बर्न यांचे "द सीक्रेट" हे इंग्रजी पुस्तक आले आणि जगभर खपले. मनात जो विचार धराल तेच आयुष्यात खेचले जाते, असे त्याचे म्हणणे. त्यात एका बाईची हकीकत आहे. स्तनाचा कॅन्सर झाला, मी बरी झालेलीच आहे असे मानले, हसवणारे सिनेमे पाहिले आणि केमो-रेडिएशन न घेता सुमारे तीन महिन्यांत बरी झाले, असे ती सांगते. एका व्यक्तीचे सांगणे, एवढाच त्या गोष्टीला आधार. आमच्या बहिणींनो, स्तनातली गाठ लवकर दाखवली तर उपचाराला यश येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. तेच तीन महिने विचार धरून बसण्यात गेले तर ते परत मिळत नाहीत.

या शिकवणीची दुसरी बाजू आम्हाला जास्त खटकते. चांगल्या विचाराने आजार जातो म्हटले की आजार आला तो तुमच्या वाईट विचाराने, असे ओघानेच येते. बरे नाही झालात तर तुमची श्रद्धा कमी पडली. हे आपण कुठे ऐकले आहे? गेल्या जन्मीचे पाप म्हणून हा जन्म असा, हेच आपल्या आजी-पणज्यांना सांगितले जात होते. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली. ती आता गुळगुळीत कव्हर घालून दारात आली आहे. टीबी जंतूने होतो आणि दहा बाय दहाच्या कोंदट खोलीत, अपुऱ्या जेवणावर तो फोफावतो. गटाराचे पाणी नळात मिसळले की कावीळ होते. यात त्या घरातल्या बाईच्या विचारांचा काय दोष?

धार्मिक पुस्तकांची गोष्ट फार वेगळी नाही. पोथीच्या शेवटी फळ सांगितलेले असते: अमुक पाठ केला तर रोग जाईल, मूल होईल. ही जुनी रीत आहे. तोच मजकूर जाहिरातीत येतो, "खात्रीशीर" हा शब्द जोडला जातो, सोबत यंत्र किंवा लॉकेट मिळते आणि किंमत चढते. हे फक्त दुसऱ्यांकडेच चालते असे समजू नका. परित्राण पाठाने आजार बरे होतात असे सांगणारी पुस्तिका आपल्या स्टॉलवर दिसली तर तिलाही हाच प्रश्न विचारायचा. तथागत आजारी पडले तेव्हा जीवक वैद्यांनी त्यांना औषध दिले. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या मदतीने पाण्याने धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि आजाऱ्याची सेवा करा असे भिक्खूंना सांगितले. विनयपिटकात ही हकीकत आहे. त्यात मंत्र नाही, शुश्रूषा आहे. नर्सचे काम करणाऱ्या आम्हाला ती फार जवळची वाटते.

कायदा काय म्हणतो? आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. मंत्र, तावीज, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात त्याने बंद केली आहे. त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, टीबी, फिट्स, वंध्यत्व असे चोपन्न आजार आहेत. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकाला त्यात सूट आहे, आणि ती असायलाच हवी. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही पोथी वाचायला किंवा दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगायला मनाई करत नाही. आपली हरकत पुस्तकाला नाही, त्याच्या नावाने दिलेल्या खोट्या वचनाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दैवी शक्ती असल्याचे सांगून यंत्रे विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. तो खटला यंत्रांचा होता, पुस्तकाचा नव्हे, पण तक्रार करणाऱ्याला त्याचा आधार घेता येतो.

जाहिरातीचा कागद फाडू नका. मोबाईलवर असेल तर स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. फसवणूक झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रोग बरा करण्याचा दावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर महिला मंडळाच्या नावाने द्या, अर्ज लिहायला आम्ही बसू.

टीबी, फिट्स, हृदयविकार आणि मानसिक आजाराच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मध्येच स्वतःहून बंद करू नका. टीबीचे औषध अर्धवट सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. फिट्सची गोळी एकदम थांबवली तर फिट्सवर फिट्स येऊन जिवावर बेतू शकते. गोळ्या सोडून झाल्या असतील तर लाजू नका, ओरडा बसेल म्हणून लपवू नका. उरलेले पाकीट आणि ते पुस्तक, दोन्ही घेऊन दवाखान्यात या.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात बीपी-शुगरची तपासणी ठेवली आहे. घरात अशी जाहिरात किंवा पुस्तक आले असेल तर तेही घेऊन या. मुलींना मोठ्याने वाचू द्या, एकेक दावा फळ्यावर लिहू आणि त्याचा पुरावा पुस्तकातच शोधू.